सांधेदुखीचे व्यायामगट: तिसऱ्या आठवड्यात माणसं का गळतात?

पायवाट

गेली चार वर्षं मी सांधेदुखी असलेल्या प्रौढांचा व्यायामगट चालवते. मी डॉक्टर नाही, फिजिओही नाही. माझे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. अशाच एका गटात मी आधी शिकायला गेले आणि मग गट चालवण्याचं प्रशिक्षण घेतलं. आमचा गट आठवड्यातून दोनदा भरतो, एक तास, सहा आठवडे. खुर्च्या, रबरी पट्टे, एक बुटकी पायरी आणि भरपूर मोकळी जागा, एवढंच सामान.

एक गोष्ट मला सारखी छळते. पहिल्या दिवशी सोळा जण येतात. दुसऱ्या आठवड्यात चेहरे खुललेले असतात, लोक एकमेकांना नावानं हाक मारायला लागतात. आणि तिसऱ्या आठवड्यात चार-पाच खुर्च्या रिकाम्या. फोन केला की उत्तरं ठरलेली. "गुडघा भरून आलाय", "थोडी विश्रांती घेते", "डॉक्टरांना विचारतो आणि मग येतो". यातले बहुतेक पुन्हा दिसत नाहीत.

सुरुवातीला वाटायचं, आपले व्यायाम जड होत असतील. हलके करून पाहिले, तरी तेच. आता माझं मत बदललंय. माणसं व्यायामामुळे गळत नाहीत, दुखण्याचा अर्थ न कळल्यामुळे गळतात. व्यायाम सुरू केल्यावर पहिले काही आठवडे सांधा कुरकुरतो, हे त्यांना आधी कोणी नीट सांगितलेलंच नसतं. मग रात्री ठणका लागला की "झीज वाढली" असं वाटतं आणि माणूस घाबरून घरी बसतो. मी जास्तीत जास्त पाच मिनिटं यावर बोलत होते आणि लगेच "चला, उभे राहा" म्हणत होते.

जगभर जे कार्यक्रम टिकले त्यांचं वेळापत्रक पुन्हा नीट पाहिलं, तेव्हा माझी चूक कळली. डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या 'ग्लॅड'मध्ये आधी दोन माहितीसत्रं आणि मग देखरेखीखाली बारा व्यायामसत्रं असतात. शिकागोत तयार झालेल्या 'फिट अँड स्ट्राँग'चं सत्र दीड तासाचं, त्यातला तासभर व्यायाम आणि अर्धा तास निव्वळ चर्चा. ब्रिटनच्या 'एस्केप-पेन'मध्येही प्रत्येक सत्रात गप्पांसाठी वेळ राखून ठेवलेला असतो. बोलण्याला इतका वेळ का देतात, असं मला आधी वाटायचं.

तुमच्यापैकी कोणी अशा गटात गेलं असेल, सोडलं असेल, चालवत असेल, तर सांगा. सोडलेल्यांचं ऐकायला मला जास्त आवडेल.

---

कातळ

पायवाटताई, कळकळीनं लिहिलंय म्हणून मीही मोकळेपणानं लिहितो. मी सोडलेल्यांपैकी आहे. उजवा गुडघा, वय ५९. पाचव्या सत्रानंतर जिना उतरताना इतकं दुखलं की परत गेलो नाही.

माझं सगळं आयुष्य यंत्रांत गेलं. बेअरिंग झिजलं की त्यावरचा भार कमी करतात, फेरे वाढवत नाहीत. झिजलेल्या सांध्याला आणखी राबवायचं, हे अजूनही माझ्या गळी उतरत नाही. दुखणं म्हणजे शरीर थांब म्हणतंय, हे मला तरी सरळ दिसतं.

---

शुक्रतारा

कातळ काका, मी फिजिओ आहे आणि हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. तुमचा तर्क यंत्रासाठी शंभर टक्के बरोबर आहे. सांधा मात्र यंत्रासारखा नाही, तो जिवंत आहे, आणि सगळा फरक इथेच पडतो.

हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून, आणि तेही दाब पडून सुटल्यावर. ओला स्पंज दाबला की पाणी बाहेर येतं, सोडला की पुन्हा आत शिरतं, तसं. सांधा हललाच नाही तर हे चक्र मंदावतं. बेअरिंगला वापरानं फक्त झीज मिळते, सांध्याला वापरानं अन्नही मिळतं.

दुसरी गोष्ट मांडीच्या पुढच्या स्नायूंची. गुडघा दुखतो म्हणून आपण तो पाय वाचवतो. काही आठवड्यांतच मांडी बारीक होते. मग जिना उतरताना जो धक्का स्नायूनं झेलायचा तो थेट सांध्यावर येतो आणि दुखणं वाढतं. म्हणून आपण पाय आणखी वाचवतो. हे गोल चक्कर तोडायचं तर स्नायूपासून सुरुवात करावी लागते, कारण आपल्या हातात तेवढंच आहे.

आणि हे नुसतं सांगोवांगीचं नाही. १९९७ साली अमेरिकेत ६० आणि त्यापुढच्या वयाच्या, गुडघ्यांची झीज असलेल्या ४३९ जणांवर मोठा अभ्यास झाला. काहींना चालण्याचा व्यायाम दिला, काहींना वजनांचा, काहींना फक्त आरोग्याची माहिती. दीड वर्षानंतर व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांचं दुखणं आणि हालचाल माहितीच्या गटापेक्षा बरी होती. फरक फार मोठा नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. व्यायामानं गुडघा नवा होत नाही. पण तोच गुडघा घेऊन जिना चढता-उतरता येतो.

पाचव्या सत्रानंतरचं तुमचं दुखणं किती वेळ टिकलं, आठवतं का? आणि गुडघा गरम, लाल किंवा टम्म सुजलेला होता का?

---

कातळ

सूज नव्हती. रात्री ठणकत होता, सकाळी चहाच्या वेळेपर्यंत नेहमीसारखा झाला. खरं सांगायचं तर तेव्हा हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

---

पायवाट

कातळ दादा, तुमच्या या दोन ओळींसाठीच मी धागा काढला होता. सकाळपर्यंत गुडघा मूळपदावर आला होता. म्हणजे सांध्याला इजा झाली नव्हती, त्या दिवशी मात्रा थोडी जास्त झाली होती. पुढच्या वेळी पायरीची उंची कमी केली असती किंवा आवर्तनं निम्मी केली असती तर भागलं असतं. सोडून देण्याची गरज नव्हती. हे सांगायला तिथे कोणी नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आमच्याकडे आता दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायला सांगतो. दोनपर्यंत निश्चिंत. पाचपर्यंत चालेल, पण लक्ष ठेवायचं. पाचाच्या वर गेलं की तो व्यायाम सोपा करायचा. दुसरी कसोटी दोन तासांची: व्यायामानंतर दोन तासांनी सांधा आधीपेक्षा जास्त दुखत असेल तर आज जास्त झालं, पुढच्या वेळी कमी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीच्या पातळीवर यायला हवा.

सांधा अचानक गरम होऊन सुजला, ताप आला, गुडघा अडकून बसला, किंवा पायावर भारच देता येईना, तर गुण मोजत बसायचं नाही. सरळ डॉक्टर.

---

अबोली

धागा वाचताना सारखं वाटत होतं की सगळे झिजेबद्दलच बोलतायत. मला रुमेटॉइड आहे, बारा वर्षं. म्हणजे झीज नव्हे, शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते आणि ते सुजतात. आमचं गणित थोडं वेगळं.

मी ज्या गटात गेले होते तिथे सोळा जणांना एकच व्यायाम, एकाच वेगानं. मनगटं सुजलेली असताना हातांवर भार देऊन भिंतीला ढकलायला सांगितलं. जमणार नाही म्हटल्यावर "प्रयत्न तर करा" असं सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं. त्या दिवसानंतर गेले नाही. गट कुठला ते सांगत नाही, त्या बाईंचा हेतू वाईट नव्हता. पण ज्याला दोन प्रकारच्या सांधेदुखीतला फरक माहीत नाही त्यानं गट चालवू नये, असं मला आजही ठामपणे वाटतं.

आमचा आजार चढतो आणि उतरतो. चढलेल्या दिवसांत सुजलेल्या सांध्याला जोर लावायचा नाही, फक्त हलकेच शक्य तितका फिरवायचा, म्हणजे तो आखडत नाही. बाकीच्या शरीराचा व्यायाम चालू ठेवता येतो. हात सुजलेत तर चालायला जायचं, घोटा सुजलाय तर खुर्चीत बसून खांद्यांचं करायचं. आणि थकवा! झीजवाल्यांना तो तितकासा कळत नाही. आठ तास झोपूनही अंग शिशासारखं जड असतं. गटात "आज आळस नको" असं कोणी म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं.

एकेकाळी आमच्यासारख्यांना बिछान्यात विश्रांतीच सांगायचे. ते चित्र पालटलं. नेदरलँड्समधल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुमेटॉइडच्या सुमारे ३०० रुग्णांना विभागून काहींना दोन वर्षं आठवड्यातून दोनदा चांगला जोरकस व्यायाम दिला. त्यांची ताकद आणि रोजची कामं सुधारली, आजार भडकला नाही. फक्त ज्यांचे मोठे सांधे आधीच बरेच खराब झाले होते त्यांच्याबाबत सावध राहायला हवं, असंही त्यातून पुढे आलं. हातांसाठी ब्रिटनमध्ये ४९० जणांवर अभ्यास झाला, २०१५ चा. औषधं चालूच ठेवून हातांचे ठरवून दिलेले व्यायाम करणाऱ्यांचे हात वर्षभरानंतरही जास्त कामाचे राहिले. डब्याचं झाकण उघडता येणं म्हणजे काय, हे ज्याला उघडता येत नाही त्यालाच कळतं.

अजून एक. तुमचा गट किती वाजता असतो, पायवाटताई? आमची सकाळ तास-दीड तास आखडलेलीच असते.

---

धुकं

मी बराच काळ नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. आई ६८ वर्षांची, दोन्ही गुडघे आणि डावा खुबा. डॉक्टरांनी गटात जायला सुचवलंय, ती तयार नाही. म्हणते, "सगळ्यांसमोर खुर्चीतून उठता आलं नाही तर?" मागच्या वर्षी एकदा पडली, तेव्हापासून घराबाहेर पडायचीच धास्ती घेतलीय. चांगला गट ओळखायचा कसा? तिला एकदा वाईट अनुभव आला तर ती पुन्हा कधीच जाणार नाही, मला माहितीये.

---

निरगुडी

धुकं, तुझ्या आईसारखीच मीही घाबरत गेले होते. सांगते.

पहिल्या दिवशी आम्हाला ३० सेकंद दिले, हात छातीवर दुमडून खुर्चीतून किती वेळा उठता-बसता येतं ते मोजायला. मला चार वेळा जमलं. शेजारच्या बाईंना एकदाही नाही. त्यांना उंच खुर्ची दिली, हातांचा आधार घ्यायला सांगितलं, आणि वहीत तेवढंच लिहिलं. कोणाशी तुलना नाही. सहा आठवड्यांनी माझी दहा झाली, त्यांची हातांच्या आधारानं सात. त्या दिवशी त्या रडल्या. मीपण. त्यामुळे आईला नेण्याआधी तू एकटी जाऊन एक सत्र बघ. प्रत्येक व्यायामाचा सोपा आणि अवघड प्रकार तिथे दाखवतात का, पहा. पहिल्या दिवशी रक्तदाब, पडण्याचा इतिहास, शस्त्रक्रिया यांची चौकशी करतात का ते विचार. न विचारताच सुरू करतात, तर नको.

तोल सांभाळण्याचे व्यायाम असायलाच हवेत, कारण आई पडलेली आहे. 'ताई ची' हा संथ हालचालींचा चिनी व्यायामप्रकार त्यासाठी फार छान. डॉ. पॉल लॅम यांनी १९९७ मध्ये सांधेदुखीसाठी त्याचा सोपा प्रकार बांधला, त्यांना स्वतःलाही सांध्यांची झीज होती. पावलं लहान, गुडघे फार वाकवायचे नाहीत, उड्या नाहीत. गुडघ्याच्या झिजेसाठी ताई ची आणि नेहमीची फिजिओथेरपी यांची तुलना २०१६ मधल्या २०४ जणांच्या अभ्यासात केली होती. १२ आठवड्यांनी दोन्हींचा फायदा जवळपास सारखाच निघाला.

---

शुक्रतारा

निरगुडीताईंना दुजोरा. खुबा फारच दुखत असेल तर पाण्यातला गट हाही चांगला पर्याय आहे. कंबरेइतक्या पाण्यात पायांवरचा भार साधारण निम्मा होतो, छातीइतक्या पाण्यात त्याहूनही कमी. पाणी कोमटसर हवं, गार पाण्यात स्नायू आखडतात. पोहता यायची गरज नाही. फक्त उतरायला पायऱ्या आणि धरायला कठडा आहे ना, ते आधी पाहा. पाण्यात सुरुवात करून तीन-चार महिन्यांनी जमिनीवर आलेले माझे कितीतरी रुग्ण आहेत. जमिनीवर यावंच लागतं, कारण जिना पाण्यात नसतो.

---

कातळ

मग नुसतं चालणं पुरत नाही का? मी रोज अर्धा तास चालतो.

---

शुक्रतारा

चालणं उत्तमच, सोडू नका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला मध्यम जोराच्या हालचालीची किमान १५० मिनिटं सांगते, तुम्ही ती रोजच्या अर्ध्या तासात पूर्ण करताय. पण तीच संघटना आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायामही सांगते. चालण्यानं दम वाढतो, मन हलकं होतं, पण जिना उतरण्याइतकी मांडी त्यानं तयार होत नाही. तुमची तक्रार जिन्याची आहे, म्हणून औषधही जिन्याचंच हवं: खुर्चीतून हळू उठणं-बसणं, बुटक्या पायरीवर चढ-उतार, पट्टा लावून पाय बाजूला नेणं.

वजन जास्त असेल तर तेही बघा. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. दिवसभराची पावलं मोजली तर हा आकडा किती मोठा होतो, ते तुम्ही इंजिनियर लोक माझ्यापेक्षा पटकन काढाल.

---

निरगुडी

मला पायवाटताईंना उलट विचारायचंय. तिसऱ्या आठवड्याची गळती खरी, पण सातव्याचं काय? सहा आठवडे संपले, टाळ्या वाजल्या, प्रमाणपत्र मिळालं, आणि सोमवारी सकाळी उठल्यावर जायला जागाच नाही. आमच्या तुकडीतल्या अर्ध्या जणींनी महिन्याभरात सगळं सोडलं. मी टिकले त्याचं कारण एकच, आम्ही चौघी आठवड्यातून तीनदा एकत्र चालायला जायचं ठरवलं होतं. एक जण नाही आली की बाकीच्या तिला फोन करतात. 'वॉक विथ ईझ' हा कार्यक्रम याच धर्तीवर आहे, सहा आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, आधी थोडं बोलायचं आणि मग चालायचं. हवं तर गटात, हवं तर एकट्यानं पुस्तक घेऊन. पण एकट्यानं करणाऱ्यांना माझा सलाम, मला नसतं जमलं.

---

पायवाट

निरगुडी, अगदी बरोबर. आणि यातच त्या बोलण्याच्या वेळेचं उत्तर आहे, असं आता मला वाटतं.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस सांधेदुखीच्या लोकांसाठी वर्ग सुरू केले. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, आणि शिकवणारे डॉक्टर नव्हेत, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं, त्यांतल्या बऱ्याच जणांना स्वतःलाच सांधेदुखी. लोकांना बरं वाटायला लागलं. मग का बरं वाटलं ते शोधायला गेले. अपेक्षा अशी की जे जास्त व्यायाम करतात ते जास्त सुधारले असतील. पण तेवढ्यानं सुधारणेचा उलगडा होईना. "या दुखण्याचं मी काहीतरी करू शकते" हा भरवसा ज्यांच्यात वाढला होता, त्यांच्याशी सुधारणेचं नातं जास्त घट्ट निघालं.

हा भरवसा व्यायाम शिकवून येत नाही. आपल्यासारखाच दुसरा गुडघा समोर हलताना बघून येतो, आणि "काल माझाही ठणकत होता, आज बरा आहे" हे शेजारच्या खुर्चीतून ऐकून येतो. 'एस्केप-पेन'च्या ४१८ जणांच्या अभ्यासात सहा आठवड्यांच्या कार्यक्रमाचा फायदा कमी होत गेला, तरी अडीच वर्षांनंतरही काही प्रमाणात उरला होता. फक्त सहा आठवड्यांच्या स्नायूंवर ते शक्य नाही.

नवी तुकडी पुढच्या आठवड्यात सुरू होतेय. काय बदलते ते येऊन सांगते.

---

अबोली

+१. आणि माझ्या वेळेच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

---

पायवाट (सात आठवड्यांनंतर)

तुकडी संपली, म्हणून लिहायला आले.

पहिल्या दिवशी व्यायाम केलाच नाही. पूर्ण तास दुखण्यावर बोललो. शून्य ते दहा गुण, दोन तासांची कसोटी, कुठल्या खुणा दिसल्या तर डॉक्टर. कातळ दादांचा किस्सा (त्यांना विचारून) सांगितला. रात्री ठणकून सकाळी उतरणारा गुडघा म्हटल्यावर अर्ध्या लोकांनी माना हलवल्या. सगळ्यांना जोड्या लावून दिल्या, जोडीदार आला नाही तर दुसऱ्यानं त्याच संध्याकाळी फोन करायचा. तिसरा आठवडा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांना स्वतः फोन केला आणि एकच प्रश्न विचारला, "सध्या किती गुण?" सात म्हणाल्या त्या दोघींना पायरीऐवजी खुर्चीवर आणलं.

सोळापैकी तेरा जण शेवटपर्यंत टिकले. माझ्यासाठी हे फार मोठं आहे. यातल्या नऊ जणांनी पुढे एकत्र चालायचं ठरवलंय, निरगुडीच्या पद्धतीनं.

गेलेल्या तिघांपैकी एकांची शस्त्रक्रिया ठरली. उरलेल्या दोघींना रुमेटॉइड आहे. त्यांना घरी जाऊन भेटले. दोघींनी व्यायामाची तक्रार केली नाही, दुखण्याचीही नाही. एक म्हणाली, "आठला पोचायचं तर पाचला उठावं लागतं, बोटं उघडायलाच मला दीड तास लागतो."

अबोली, आमचा गट आठ वाजता असायचा. तू विचारलं होतंस आणि मी त्या वाक्यावरून पुढे निघून गेले. चार वर्षांत असं किती जणींच्या बाबतीत झालं असेल, कोण जाणे. पुढच्या तुकडीची वेळ अकराची केलीय. त्या दोघींनी नावं दिली आहेत.

---

अबोली

अकरा चालेल.

---

कातळ

ताई, तिसरं नाव माझं लिहा. पायरी बुटकी हवी.